बोळातला कॅमेरा : जुन्या फोनच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

काल जोतिबाची चैत्र यात्रा. घरची सगळी डोंगरावर, मी दुसऱ्या पाळीला उद्यमनगरात. रात्री साडेअकराला आलो, गाडी बोळात भिंतीला लावली आणि झोपलो. सकाळी किक मारली तर दोनदा भुरभुरली आणि बंद. टाकी हलवून बघितली, खुळखुळसुद्धा नाही. परवाच दोनशेचं पेट्रोल टाकलेलं. कॉकवरची पाईप निघून लोंबत होती आणि खालच्या फरशीला अजून वास येत होता.

दीड महिन्यातली ही तिसरी खेप. लिटरला शंभराच्या वर मोजायचे आणि रात्री कुणीतरी बाटली लावून घेऊन जायचं. गाडी आत घेता येत नाही. सोप्याला तीन पायऱ्या आणि वर उंबरा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांची हीच रड, बोळातल्या सगळ्यांच्याच गाड्या बाहेर.

मेहुण्याच्या ओळखीतल्या एकानं सीसीटीव्हीचा हिशेब सांगितला. दोन कॅमेरे, डीव्हीआर, हार्ड डिस्क, वायरिंग धरून बारा-तेरा हजार. आईनं एका वाक्यात निकाल लावला, "त्यापरास गाडी म्हशीगत घरात बांध."

कपाटात दोन जुने फोन आहेत. त्यातल्याच एकाचा कॅमेरा करायचा ठरवलं. बायकोचा बाहेर काढला तर मागचं झाकण उचललेलं, टेबलावर ठेवला की डोलतोय. बॅटरी फुगलीय. तो बाजूला. दुसरा माझा, २०१७ साली घेतलेला, अँड्रॉइड ७, मागचा कॅमेरा १३ मेगापिक्सेलचा, एका कोपऱ्यात काचेला तडा. हा चालू होतो.

काम मला अवघड जाऊ नये. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दिवसभर मोटारी, कॉन्टॅक्टर, पॅनेल हेच बघतो. (हे वाक्य खोडत नाही, राहू दे.)

आजपासून एक नेम: रात्री गाडी लावताना आणि सकाळी काढताना टाकीत स्टीलची पट्टी बुडवायची आणि आकडा इथं लिहायचा.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिलाच घोळ. जुन्या फोनचा पॅटर्न आठवेना. पॉवर आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून रिकव्हरीत गेलो आणि सगळं पुसलं. चालू झाल्यावर फोन म्हणतो, आधी या फोनवर जे गूगल खातं होतं त्याचा पासवर्ड द्या. अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे. चोरानं फोन पुसून वापरू नये म्हणून. चोर राहिला बाजूला, मालकालाच दारात उभं केलं. सेटिंगमधून पुसला असता किंवा आधी खातं काढलं असतं तर हे झालं नसतं. शेवटी थोरल्या पोरीनं जुनं खातं शोधून, माझ्या नंबरावर कोड मागवून सोडवलं. दीड तास.

फोन उघडल्यावर त्यात माझं नेहमीचं खातं ठेवलं नाही, नवीन काढलं. खिडकीत टांगायची वस्तू आहे, उद्या तीच कुणी उचलून नेली तर माझे मेल, फोटो, बँकेचे मेसेज त्याच्या हातात कशाला? सिम काढलं. विमान मोड लावला आणि त्यावर फक्त वाय-फाय चालू केलं, म्हणजे टॉवर शोधत बॅटरी जाळत बसत नाही.

पट्टी: रात्री ५ सेंटिमीटर, सकाळी ५.

२० एप्रिल, रविवार

चित्र आलं! आयपी वेबकॅम नावाचं ॲप टाकलं. यादीत अगदी खाली 'स्टार्ट सर्व्हर' आहे, ते दाबलं की फोन स्वतःच एक लहानसा सर्व्हर होतो. स्क्रीनवर पत्ता येतो, १९२.१६८.१ आणि पुढं एक आकडा, मग ८०८०. घरातल्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की चित्र हजर. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, कारण सगळी देवाणघेवाण राउटरपुरतीच.

दुसरी जात म्हणजे अल्फ्रेडसारखी ॲपं. दोन्ही फोनवर एकच खातं टाकायचं, एकाला कॅमेरा म्हणायचं, दुसऱ्याला बघणारा. चित्र इंटरनेटवरून जगात कुठंही दिसतं. पाच मिनिटांत होतं आणि ज्याला नुसतं चालू करून मोकळं व्हायचंय त्यानं तेच घ्यावं. मला घरातलं घरात ठेवायचं आहे म्हणून पहिलं.

आई, बायको, दोन्ही पोरी टीव्ही सोडून माझ्या फोनवर आमचाच रिकामा बोळ बघत बसल्या. मांजर गेलं तर टाळ्या.

दोन गोष्टी लगेच केल्या. ॲपमध्ये नाव आणि पासवर्ड घातला; तो आपण घातल्याशिवाय नसतो. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या फोनला कायमचा पत्ता बांधून दिला, शेवट ५० चा. नाहीतर वीज जाऊन आली की राउटर नवा आकडा वाटणार आणि आपण शोधत बसणार. आवाज रेकॉर्ड होण्याचं बटण बंद केलं. बोळातलं बोलणं मला नको.

२३ एप्रिल, बुधवार

रोज रात्री एकच्या सुमाराला कॅमेरा झोपतो. सकाळी बघावं तर ॲप बंद. कारण सापडलं: अँड्रॉइड ६ पासून फोन हलला नाही, स्क्रीन बंद राहिली, की तो मागची ॲपं निजवत जातो. खिशातल्या फोनला हे ठीक, पहाऱ्यावरच्या फोनला नाही. बॅटरी ऑप्टिमायझेशनच्या यादीतून ॲप वगळलं, शिवाय या कंपनीचं स्वतःचं एक 'बॅटरी सेव्हर' वेगळ्याच खोपच्यात होतं, तिथूनही. ॲपमध्ये फोन चालू झाला की आपोआप सुरू होण्याची खूण केली.

पट्टी: ५, ५.

२७ एप्रिल, रविवार

आज बसवणी. माडीवरची खिडकी बोळावर उघडते, खाली बरोबर गाड्या.

ब्रॅकेट शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधून करून आणलं. अठरा गेजच्या पत्र्याची पट्टी, दोन वळणं, खाली ओठ. कारागीर म्हणाला, "मोबाईल स्टँड पन्नासला मिळतंय की महाद्वार रोडला." मिळतं, पण ते प्लॅस्टिक उन्हात महिन्यात वाकतं. हे पत्र्याचं माझ्या पोरीची पोरं वापरतील. फोन घट्ट राहावा म्हणून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. फोन काढायला एक बोट पुरतं.

खरी गंमत वायरीनं केली. खिडकीजवळ बोर्ड नाही. म्हणून पाच मीटरची यूएसबी वायर ऑनलाइन मागवली, चार्जर खाली सोप्यात, वायर जिन्यातून वर. फोनवर चार्जिंगची खूण दिसतेय आणि बॅटरी तरीही उतरतेय! संध्याकाळी ८०, रात्री दहाला ५५. चार्जर बदलला, तेच. मग टाळकं ठिकाणावर आलं. यूएसबीच्या स्वस्त वायरीत तांब्याची तार केसासारखी असते. अठ्ठावीस गेज धरली तर मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायचे पाच मीटर, यायचे पाच, म्हणजे दोन ओहमच्या वर. एक अँपिअर ओढायचं म्हटलं तर पाचातले दोन व्होल्ट वाटेतच संपले. फोन शहाणा, व्होल्टेज पडतंय म्हटल्यावर ओढच कमी करतो, आणि कॅमेरा खातो त्याहून कमी त्याच्या पोटात जातं. कारखान्यात दुसऱ्याच्या मोटारीला वायर बारीक घातली म्हणून मी ओरडतो. घरात तेच केलं.

उपाय सरळ. केसिंग-पट्टी मारून एक चौरस मिलिमीटरची वायर माडीपर्यंत नेली, खिडकीखाली बोर्ड बसवला, चार्जर तिथं आणि यूएसबीची वायर फक्त एक मीटर. तासाभरात ९० टक्के.

वाय-फायची वेगळी तऱ्हा. आमच्या भिंती दीड-दीड हात जाडीच्या, जुन्या विटा आणि माती. ५ गिगाहर्ट्‌झची लहर दुसऱ्या भिंतीतच दम सोडते. फोन २.४ वर बांधला आणि राउटर सोप्यातल्या कपाटामागून काढून जिन्याच्या वळणावर टांगला. चित्र अडखळायचं थांबलं.

पट्टी: ७, ७.

४ मे, रविवार

खिडकी पश्चिमेची. तीन वाजल्यापासून ऊन सरळ काचेवर. काल दुपारी बॅटरीचं तापमान ४७ अंश दाखवत होतं आणि फोन हाताला इस्त्रीसारखा. लिथियमची बॅटरी ४५ च्या वर चार्ज करू नये आणि कायम शंभर टक्क्यांवर टांगून ठेवू नये; दोन्ही एकदम केलं की ती फुगते. बायकोच्या फोनचं तेच झालं असणार, तो टीव्हीमागं वर्षभर चार्जरलाच होता.

म्हणून तीन गोष्टी. एक, बाहेरच्या बाजूनं खिडकीला पत्र्याचं लहान छप्पर. दोन, फोनचं मागचं रबरी कव्हर काढून टाकलं. तीन, चार्जरला टायमर. फिरत्या चकतीचा, कडेनं ९६ दाते असतात, एक दाता म्हणजे पाव तास. दाते खाली दाबले तेवढा वेळ वीज. दीड तास चालू, दीड तास बंद असा खेळ लावला, आणि दुपारी एक ते पाच शक्य तेवढा बंद. दुपारी बोळात म्हाताऱ्या बसलेल्या असतात, त्यांच्याएवढा पहारा कुठला कॅमेरा करणार. आता बॅटरी ४० ते ८० च्या मध्ये खालीवर होते.

फुगलेली बॅटरी काढायच्या भानगडीत पडलो नाही. टोचली तर पेट घेते. अख्खा फोन दुरुस्तीवाल्याकडं दिला, तो ई-कचरा वेगळा जमा करतो. आई घंटागाडीत टाकायला निघाली होती.

६ मे, मंगळवार

आज कॅमेऱ्यापेक्षा माणसाचं काम निघालं.

पाळीवरून आलो तर समोरच्या मावशी कट्ट्यावर बसलेल्या. मी गाडी लावेपर्यंत बोलल्या नाहीत. मग मान वर करून खिडकीकडं बघत,

"काय लावलंयस रं ते वर?"

"कॅमेरा हाय मावशी. गाडीचं पेट्रोल काढाल्यात न्हवं."

"मग आमच्या दारात कशाला बघतंय?"

"दारात न्हाई, गाडीवर हाय ते."

"मी पाटं चारला उठतो, सडा मारतो, केसं मोकळी असत्यात माझी. ते बी बघणार व्हय तू कामावर बसून?"

मला उत्तर सुचलं नाही. तिथंच फोनवर चित्र उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. चित्राच्या डाव्या बाजूला त्यांचा अर्धा उंबरा, रांगोळीची जागा आणि दोरीवरचं लुगडं. माझ्या गाडीपेक्षा त्यांचं घरच जास्त. पंधरा-सोळा दिवस मी रोज हे चित्र बघतोय आणि मला त्यात फक्त गाडी दिसत होती.

जेवायच्या आधीच वर गेलो. ॲपमध्ये हालचाल टिपायची जागा आखता येते, पण ते टिपण्यापुरतं. चित्रात दार राहतंच. ब्रॅकेटला खाली वाकवलं. तरी डावा कोपरा येतोच. मग कारखान्यातून आणलेल्या गॅस्केट शीटचा काळा तुकडा कापून काचेवर, लेन्सच्या अगदी समोर चिकटवला. लेन्सच्या इतक्या जवळ असल्यानं कडा धूसर येते, पण मावशींचं दार गेलं. तीनदा कापावा लागला, पहिल्यांदा माझी गाडीच झाकली.

परत खाली जाऊन दाखवलं. "हां," एवढंच म्हणाल्या. आणि आत जाऊन वाटीभर कैरीचं लोणचं आणून दिलं. मी हे बसवायच्या आधी चार दारं वाजवायला हवी होती. उद्या उरलेल्या तिघांनाही चित्र दाखवणार.

११ मे, रविवार

रात्र. ज्यासाठी सगळा खटाटोप, तिथंच गाडी अडलीय.

बोळाच्या तोंडाशी खांबावर दिवा आहे, आमच्या दारापर्यंत त्याचा उजेड येईतो नुसता अंदाज उरतो. ॲपमध्ये 'नाइट व्हिजन' आहे. नावावर जाऊ नये. ते दोनच कामं करतं: मिळालेला उजेड वाढवून दाखवतं आणि पाच-दहा चित्रं एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतं. उभी गाडी झकास दिसते. माणूस चालला की त्याचा धूर होतो.

बाजारातले कॅमेरे अंधारात बघतात कारण त्यांच्या तोंडाभोवती इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे असतात आणि रात्री ते तो उजेड अडवणारी आपली गाळणी बाजूला सरकवतात. फोनच्या लेन्समागं ती गाळणी कायमची बसवलेली असते, फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून. टीव्हीच्या रिमोटनं तपासलं. रिमोट पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर जांभळा ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात काहीच नाही. म्हणजे माझ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याची गाळणी हलकी आहे. धाकटी म्हणाली, मग फोन उलटा लाव आणि इन्फ्रारेडचा दिवा आण. कल्पना वाईट नाही. पण दिवा खिडकीबाहेर बसवायचा, त्याला वेगळी वीज द्यायची, आणि पुढचा कॅमेरा आधीच मिणमिणता. अजून पैसे घालायला मन घेईना.

एक वेगळं दुखणं सोडवलं. रात्री काचेत खोलीतल्या ट्यूबचं प्रतिबिंब येत होतं, बोळावर आमची मच्छरदाणी तरंगायची. फोमचा तुकडा तिरका कापून लेन्स आणि काच यांच्या मध्ये कॉलरसारखा बसवला. आता खोलीतला उजेड आत शिरत नाही.

१६ मे, शुक्रवार

जागेचा हिशेब. सलग रेकॉर्ड केलं तर सेकंदाला एक मेगाबिटनं सुद्धा दिवसाला १०.८ जीबी होतात. ३२ जीबीचं कार्ड तिसऱ्या दिवशी भरणार. म्हणून हालचाल झाली तरच, आणि रात्री अकरा ते सहाच. तरीही सकाळी ४३ तुकडे. तीस दोरीवरच्या कपड्यांचे, सात गाडीच्या दिव्यांचे, पाच मांजराचे, एक माझाच. संवेदना खाली आणली, दोरीची जागा वगळली. आता बारा-पंधरा.

पट्टी: ६, ६.

२१ मे, बुधवार

पट्टी: रात्री ६.५, सकाळी २.

हात थरथरत होते कार्ड बघताना. २ वाजून ४७ मिनिटं, नऊ सेकंदांचा तुकडा. उजवीकडून एक करडा डाग येतो, गाडीशी बसतो, त्याचा खालचा भाग भिंतीत विरघळतो. मग काही नाही. पुढचा तुकडा २ वाजून ५३, तोच डाग उठून जातो. बाई की बापई, पोर की म्हातारा, काही सांगता येत नाही. मांजर नव्हतं एवढं नक्की.

शंभरदा बघितलं. मेहुण्याला पाठवलं. तो म्हणाला, "भूत हाय काय हे?" महिनाभर राबून मी भुताचा व्हिडिओ काढला.

एक मात्र कळलं. सहा मिनिटं तो तिथं निवांत बसला होता. घाई नाही, भीती नाही. त्याला पक्कं माहीत आहे की आपण दिसत नाही.

२५ मे, रविवार

इन्फ्रारेड वगैरे सगळं सोडून दिलं. चोराला न दिसणारा उजेड शोधत होतो, दिसणाराच लावला. हालचालीवर पेटणारा नऊ वॅटचा एलईडी बल्ब, दाराच्या वर पागोळीखाली. आत पीआयआर सेन्सर आहे, तो अंगाची ऊब आजूबाजूपेक्षा वेगळी हललेली ओळखतो. म्हणून दुपारच्या तापल्या भिंतीपुढं तो मंद असतो आणि रात्री तरतरीत. चार-पाच मीटरवर माणूस आला की पेटतो, मिनिटभरानं विझतो.

फोनचा जीव सुधारला. 'नाइट व्हिजन' बंद केलं, कारण बल्ब पेटताच ते पांढरंफेक व्हायचं. साध्या चित्रात आता माझ्या शर्टाच्या रेघा मोजता येतात. बल्ब पेटल्यावर पहिलं अर्धं सेकंद कॅमेरा भांबावतो, मग सावरतो.

बल्ब बसवताना भिजलो. चार दिवस वळीव म्हणून जे चाललंय ते वळिवासारखं वाटत नाही. मान्सून काल, २४ मेलाच केरळात आला म्हणे. मावशी म्हणाल्या, "यंदा रोहिणीच्या आधीच मृग आणलाय देवानं."

१ जून, रविवार

पहिल्या पावसाची पाखरं. रात्री बल्ब पेटला की हजारभर जमतात, सकाळी फरशीवर पंखांचा सडा. त्यांच्यामागं पाल. पाल लेन्ससमोरच्या काचेवर पोट टेकून बसली आणि ११६ तुकडे पालीच्या पोटाचे. श्वास घेताना हलतं ते. धाकटीनं शाळेतल्या विज्ञानासाठी चार तुकडे ठेवून घेतलेत.

पट्टी: आठवडाभर रात्रीचा आणि सकाळचा आकडा एकच. बोळात इतर कुणाचंही गेलेलं नाही.

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी बल्बच लावायचा हुतास की. दीड म्हयना त्या मोबाईलला खिडकीत उन्हात उभं केलास."

यावर मी चहा प्यालो.

८ जून, रविवार

बायकोचं म्हणणं, कामावरून दिसायला पाहिजे. रास्त आहे, आई दुपारी एकटी असते. राउटरमधून ८०८० चा दरवाजा बाहेर उघडायला गेलो. सगळं बरोबर भरूनही बाहेरून काही लागेना. राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला तर १०० नं सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ च्या मधला. म्हणजे इंटरनेटवाल्यानं एकाच खऱ्या पत्त्यामागं बरीच घरं एकत्र बसवलीत. वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं, पोस्टमन दिंडीपर्यंत येतो, आतली खोली त्याला माहीत नाही. स्थिर पत्ता वेगळे पैसे भरून मिळतो.

झालं ते बरंच झालं. असे दरवाजे उघडे टाकलेले कॅमेरे शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामनं कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या हिशेबानं पकडून मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या. माझा फोन तर अँड्रॉइड ७ चा, त्याला सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झालेत. घराच्या आतच राहू दे त्याला.

आईसाठी वेगळी सोय: दुपारी एकदा फोन करायचा. आई म्हणाली, "त्येच बरं. निदान बोलशील तरी."

२२ जून, रविवार

पंधरा दिवस काच कोरडी नाही. आत ऊब, बाहेर झड; सकाळी काचेवर बाफ आणि चित्रात दूध. फोमच्या कॉलरीत सिलिका जेलच्या चार पुड्या कोंबल्या, बुटांच्या खोक्यातल्या. आतली बाफ गेली. बाहेरची रोज फडक्यानं.

खर्च एकदा लिहून टाकतो. ब्रॅकेट आणि छप्पर १५०, वाया गेलेली पाच मीटरची वायर २२०, एक चौरस मिलिमीटरची वायर, केसिंग, बोर्ड ४१०, टायमर ३८०, बल्ब २६०, कार्ड ३५०. एकूण १७७०. फुकटचा कॅमेरा. शिवाय अकरा रविवार, त्यातले दोन तरी बायकोच्या खात्यावर बाकी आहेत.

पंचगंगेचं पाणी वाढतंय म्हणून मंडळी राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघायला लागली. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्या बोळात २०१९ ला सुद्धा पाणी आलं नव्हतं, पण पाहुण्यांच्या गाड्या आल्या होत्या, अकरा. तसं झालं तर चित्रात जागा पुरायची नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. आई आणि मावशी नंदवाळच्या दिंडीला. पहाटे साडेतीनपासून बोळ जागा. बल्ब विझतोय कुठं. ९४ तुकडे. पुसायला घेतले होते, एकावर थांबलो. मावशी केस मोकळे सोडून दारात उभ्या आहेत, आईच्या कपाळाला बुक्का लावतायत. सडा मारून झाला आणि आईला बघून त्या चार पावलं पुढं आल्या, माझ्या गॅस्केटच्या तुकड्याच्या बाहेर.

त्या परत आल्यावर दाखवलं आणि विचारलं, पुसू का. बघत राहिल्या. "आवाज न्हाई व्हय ह्याला?" नाही म्हटलं. "ऱ्हाऊ दे. आईच्या फोनवर टाक, माझ्या न्हाई. माझ्यात जागा न्हाई."

गॅस्केटचा तुकडा अर्ध्या इंचानं वाढवला.

१३ जुलै, रविवार

काल रात्री एक दहाला वीज गेली, साडेचारला आली. फोन स्वतःच्या बॅटरीवर पूर्ण वेळ जागा होता, उतरून १९ टक्के. पैसे देऊन घेतलेला कॅमेरा एवढा वेळ जगला नसता, त्याला इन्व्हर्टर लागला असता. अर्थात बल्ब बंद, राउटर बंद, बोळ काळाकुट्ट. तीन तास वीस मिनिटं फोननं डोळे उघडे ठेवून अंधार बघितला. एकही तुकडा नाही.

टायमरची चकती तेवढाच वेळ मागं पडलीय. त्याची दुपारची विश्रांती आता संध्याकाळी सुरू होईल. फिरवून जागेवर आणली. वीज गेल्यावर हे दरवेळी करावं लागणार, बोर्डावर खडूनं लिहून ठेवलं.

पट्टी: रात्री ४.५, सकाळी ४.५.